पलटणींच्या पगारापायी तारण पडलेला मुलूख

हैदराबाद कंटिंजंट ही मोठी चमत्कारिक फौज होती. नाव निजामाचे, पैसा निजामाचा, हुकूम मात्र इंग्रज रेसिडेंटचा. तिच्या पायदळ पलटणी पुढे ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळल्या, एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट म्हणून ओळखल्या गेल्या आणि आज भारतीय सैन्याच्या कुमाऊँ रेजिमेंटमध्ये त्यांचा वंश चालू आहे. या पलटणींचा धाराशिव जिल्ह्याशी संबंध आला तो हिशेबाच्या वहीतून. त्यांच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाला जे प्रदेश इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले, त्यांत वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिवचा टापूही होता. वऱ्हाडाविषयी पुष्कळ लिहिले गेले. धाराशिवचा इंग्रजी अंमल सात-आठ वर्षांतच संपला, म्हणून त्याची आठवण बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते.

या प्रकरणाचे मूळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडते. खर्ड्याच्या लढाईत १७९५ मध्ये मराठ्यांकडून मार खाल्ल्यावर निजाम अलीने रेमाँ या फ्रेंच सेनानीच्या कवायती पलटणी वाढवल्या. इंग्रजांना हे खुपत होते. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने निजामाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली आणि त्याच ऑक्टोबरात हैदराबादेत या फ्रेंच तालमीच्या पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. रेमाँ त्याआधीच वारला होता. १८०० च्या तहात तैनाती फौज आणखी वाढली. तिच्या खर्चासाठी म्हैसूरच्या युद्धांतून वाट्याला आलेला बळ्ळारी-कडप्पाकडील मुलूख निजामाने कंपनीला कायमचा देऊन टाकला. म्हणजे एका फौजेची किंमत जमिनीच्या रूपाने तेव्हाच चुकती झाली होती.

त्याच तहाच्या बाराव्या कलमात पुढच्या भांडणाचे बीज होते. युद्ध झाल्यास निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस द्यावे, असे ते कलम सांगत होते. शांततेच्या काळात ही फौज कायम पोसावी आणि ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असावी, असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. १८०३ च्या मराठा युद्धात निजामाची ही मदत कुचकामी ठरली, अशी तक्रार इंग्रजांनी लावून धरली आणि ती सुधारण्याच्या निमित्ताने रेसिडेन्सीचा हात निजामाच्या लष्करात शिरला.

हेन्री रसेल १८११ मध्ये रेसिडेंट झाला. त्याने १८१३ मध्ये हैदराबादेत दोन पलटणी उभ्या केल्या, त्यांना ‘रसेल ब्रिगेड’ हे नाव पडले. कवायत, हत्यारे, लाल डगले, सगळे कंपनीच्या शिरस्त्याप्रमाणे. तिकडे एलिचपुरात नवाब सलाबतखानाच्या जुन्या पलटणी होत्या, त्यांतली एक १७८८ पासूनची. त्याही हळूहळू याच साच्यात बसवण्यात आल्या. दिवाणी कारभार तेव्हा पेशकार राजा चंदूलाल पाहत असे. रेसिडेंटच्या मर्जीवर त्याची गादी टिकून होती, त्यामुळे रसेलने मागावे आणि चंदूलालने द्यावे, असा क्रम पडला.

पलटणींनी पैशाचे मोल रणात दिले, हे नाकारता येत नाही. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेशी झालेल्या लढाईत रसेल ब्रिगेड होती. त्या पराभवानंतर सोळा दिवसांनी मंदसोरचा तह होऊन होळकरांचे राज्य कंपनीच्या छायेत गेले. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालील निजामी पलटणींनी मराठवाड्यातच नाव्ह्याच्या गढीला वेढा घातला. गढीत नौसाजी नाईक हटकराची अरब शिबंदी होती. ३१ जानेवारीला ती हल्ला करून घेण्यात आली. ‘महिदपूर’ आणि ‘नाव्हा’ ही नावे या पलटणींच्या सन्मानचिन्हांत शतकभर राहिली. पहिला सन्मान मराठेशाहीच्या शेवटच्या मोठ्या लढाईतला, दुसरा धनगर-हटकरांच्या बंडाळीवरचा. मराठवाड्याच्या वाचकाने ही नावे वाचताना समोर कोण उभे होते हे लक्षात ठेवावे.

युद्ध संपले, पिंढारी संपले, पेशवाई संपली. फौज मात्र तशीच राहिली. औरंगाबाद, हिंगोली, बोलारम, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा छावण्यांतून ती पसरली होती. धाराशिव भागाला सर्वांत जवळची छावणी अंबाजोगाईची. पलटणींतले शिपाई बहुसंख्य उत्तर हिंदुस्थानातले, त्यांच्यावरचे अधिकारी इंग्रज. कंपनीच्या सैन्यात मिळणार नाहीत अशा पगाराच्या जागा येथे होत्या आणि त्या वाटणे रेसिडेंटच्या हाती होते. या सगळ्याचा खर्च बिचारा निजाम भरतो, अशी थट्टा खुद्द अधिकाऱ्यांत चाले. वर्षाचा खर्च चाळीस लाखांच्या घरात जाई.

राज्याच्या वसुलातून इतका पैसा निघत नव्हता. चंदूलालने तालुके मक्त्याने दिले, मक्तेदारांनी रयत पिळली आणि तरीही कमी पडे ते सावकाराकडून येई. सर्वांत मोठा सावकार विल्यम पामर. तो एका इंग्रज जनरलचा आणि दिल्लीच्या खानदानी मुसलमान स्त्रीचा मुलगा, आधी निजामाच्याच लष्करात अधिकारी. ‘विल्यम पामर आणि कंपनी’ या त्याच्या पेढीने सरकारला चोवीस-पंचवीस टक्के व्याजाने रकमा दिल्या. पेढीतला एक भागीदार थेट गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरोब्यातला असल्याने बराच काळ कोणी हटकले नाही. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे प्रकरण उघडकीस आणले. पेढीचे देणे फेडण्यासाठी कंपनीने निजामाला सुमारे १ कोटी १६ लाख रुपये दिले आणि त्याच्या बदल्यात उत्तर सरकार प्रांतापोटी निजामाला दरसाल द्यावी लागणारी पेशकश कायमची बंद केली. सावकार गेला, पलटणींचा बटवडा मात्र दर महिन्याला तसाच उभा राहत होता. तो थकू लागला की रेसिडेन्सीचा खजिना उचल देई आणि ती रक्कम निजामाच्या नावे व्याजासकट चढे.

लॉर्ड डलहौसी आला तेव्हा ही बाकी डोईजड झाली होती. जनरल फ्रेझर हा त्या वेळचा रेसिडेंट. त्याचे आणि डलहौसीचे धोरणावरून जमले नाही. १८५१ मध्ये निजाम नासिरुद्दौलाने मोठी रक्कम भरली, पण चालू बटवडा पुन्हा मागे पडला. यात डलहौसीची भूमिका मोठी नमुनेदार आहे. ही फौज निजामाने १८०० च्या बाराव्या कलमामुळे पोसली, असे प्रामाणिक माणूस म्हणून आपल्याला म्हणता येणार नाही, असे त्याने स्वतःच्या टिपणात नमूद केले. पण फौज बंद करण्याचे त्याच्या मनात नव्हते. निजामाने इतकी वर्षे ती चालू ठेवली, तेव्हा तिचे कर्ज त्यानेच फेडावे, हा त्याचा हिशेब. रोख नसेल तर मुलूख.

फ्रेझरच्या जागी आलेल्या कर्नल जॉन लो याने वसंतभर नासिरुद्दौलाशी बोलणी केली. मुलूख तोडून देण्याइतकी मानहानी दुसरी नाही, असे निजामाचे म्हणणे होते. अखेर २१ मे १८५३ रोजी तह झाला. कंपनीने हैदराबाद कंटिंजंट या नावाने किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने ठेवायचे आणि त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब यांचा कारभार इंग्रजांकडे द्यायचा, असे ठरले. वरकड वसूल निजामाला परत मिळायचा होता. या प्रदेशांचे वार्षिक उत्पन्न सुमारे पन्नास लाख धरले होते. सार्वभौमत्व निजामाचे आणि वसूल इंग्रजांचा, असा हा तारणाचा व्यवहार. दिवाण सिराजुल्मुल्क तहानंतर आठवड्याच्या आत वारला आणि त्याच्या जागी चोवीस वर्षांचा पुतण्या आला, तो पहिला सालारजंग.

धाराशिवच्या कारभारासाठी नेमला गेलेला अधिकारी या मुलखाला नवा नव्हता. फिलिप मेडोज टेलर लिव्हरपूलमध्ये जन्मला, पोरवयात हिंदुस्थानात आला आणि १८२४ मध्ये निजामाच्या याच फौजेत लेफ्टनंट झाला. विसाव्या वर्षाच्या आगेमागे त्याने तुळजापूर भागात पोलीस बंदोबस्ताचे काम केले होते. ठगांच्या कबुलीजबाबावर आधारलेल्या १८३९ च्या कादंबरीने त्याला इंग्लंडात नाव मिळाले. पुढे १८४१ पासून बारा वर्षे सुरपूरच्या बेरड संस्थानाचा कारभार त्याने पाहिला. त्याची पत्नी मेरी ही विल्यम पामरची मुलगी. ज्या फौजेच्या देण्यात सासऱ्याची पेढी बुडाली, त्याच फौजेच्या देण्यापोटी आलेला जिल्हा जावयाच्या हाती यावा, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर टीकाकारांनी ओढूनताणून आणला म्हटले असते.

टेलरचे ठाणे नळदुर्गच्या किल्ल्यात होते. बोरी नदीच्या विळख्यातला हा आदिलशाही किल्ला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पडतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचा, १६१३ चा पाणीमहाल आणि त्याचा बांध यांचे वर्णन टेलरने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या आवडीने केले आहे. मृत्यूनंतर वर्षभराने, १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र म्हणजे नळदुर्गच्या त्या चार वर्षांचा सर्वांत बोलका दस्तऐवज. अर्थात तो कारभाऱ्याने स्वतःच्या कारभाराविषयी लिहिलेला आहे, हे धरूनच वाचायला हवा.

कामाचा मुख्य भाग महसुलाचा. मक्तेदारीच्या काळात कागदावरची जमीन आणि शिवारातली जमीन यांचा मेळ राहिला नव्हता. टेलरने स्थानिक माणसे मोजणीच्या कामाला तयार केली, गावनिहाय आकार ठरवण्यास सुरुवात केली, सोलापूरकडून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम हाती घेतले. मक्तेदार हटला आणि वसूल थेट सरकारात येऊ लागला. कुणब्याला हे सुसह्य झाले असावे. मात्र वसुलाचा पहिला हक्कदार अंबाजोगाई-हिंगोली-बोलारमच्या छावण्यांतला शिपाई होता. नळदुर्गच्या काळ्या रानातली ज्वारी आणि कापूस विकून भरलेली पट्टी अवध-बिहारकडच्या घरी जाणाऱ्या तनख्यात जाई. ज्या फौजेसाठी हा जिल्हा पैसा देत होता, तिच्या रांगांत जिल्ह्यातले तरुण फारसे नव्हते.

१८५७ मध्ये या फौजेची परीक्षा झाली. आपल्याला निजामाच्या हद्दीबाहेर, दिल्लीच्या बादशहावर नेणार, या वार्तेने जूनमध्ये औरंगाबादचा रिसाला बिघडला. पुण्याकडून जनरल वुडबर्नचे सैन्य आले, कित्येकांना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. १७ जुलैला हैदराबादेत तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या जमावाने रेसिडेन्सीवर चाल केली, ती परतवली गेली. नळदुर्ग भाग शांत राहिला. टेलरची त्याच वर्षी वऱ्हाडात बुलढाण्याकडे रवानगी झाली. फेब्रुवारी १८५८ मध्ये सुरपूरचा तरुण राजा वेंकटप्पा नायक उठला. टेलरने त्याला लहानाचा मोठा होताना पाहिले होते, मुलगा टेलरला ‘अप्पा’ म्हणे. पकडला गेल्यावर टेलर त्याला हैदराबादच्या कैदेत भेटला. शिक्षा भोगण्यासाठी नेत असताना राजाने वाटेतच स्वतःला गोळी घालून घेतली.

कंटिंजंटच्या पायदळाने इंग्रजांची साथ सोडली नाही. तिसरी आणि पाचवी पलटण मेजर ऑरच्या हाताखाली सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत सामील झाल्या. मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला. १ एप्रिलला तात्या टोपे वेढा उठवायला बेतव्यावर आला, त्याचा पराभव झाला आणि दोन दिवसांनी शहर पडले. नंतरच्या कत्तलीचे आणि लुटीचे वर्णन विष्णुभट गोडसे वरसईकरांनी डोळ्यांनी पाहून ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले आहे. त्यानंतर ७ मेला कूच, २२ मेला काल्पी. या मोहिमेबद्दल पलटणींना ‘सेंट्रल इंडिया’ हा सन्मान मिळाला. हा पगार थेट झाशीच्या तटापर्यंत पोहोचला होता, हे धाराशिवच्या हिशेबात मांडायला हवे.

निजामाने आणि सालारजंगाने बंडात इंग्रजांची बाजू धरली, त्याचे बक्षीस डिसेंबर १८६० च्या तहाने मिळाले. हैदराबादी रुपयांतले सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. सुरपूर संस्थान निजामाला देण्यात आले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत केले गेले. बदल्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरचे सिरोंचा, भद्राचलमकडील तालुके इंग्रजांनी घेतले. वऱ्हाड मात्र कंटिंजंटच्या खर्चासाठी विश्वस्त म्हणून ठेवून घेतले आणि तिथल्या जमाखर्चाचा जाब निजामाने मागू नये, असेही लिहून घेतले. कापसाचा सुपीक मुलूख सोडायला इंग्रज तयार नव्हते. त्याच्या तुलनेत कोरडवाहू आणि दुष्काळी धाराशिव परत करणे सोपे होते. मुक्तीचे कारण गरिबीत होते असे म्हटले तर फार चुकणार नाही.

परत आलेल्या जिल्ह्यावर इंग्रजी घडी काही अंशी टिकली. सालारजंगाने १८६५ मध्ये राज्यभर जिल्हाबंदी केली, पगारी तालुकदार नेमले आणि मक्तेदारी मोडीत काढली. नळदुर्ग हा या रचनेतला एक जिल्हा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे ठाणे धाराशिवला गेले आणि जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. टेलर निवृत्त होऊन विलायतेला परतला. १८६३ मध्ये आलेली त्याची ‘तारा’ ही कादंबरी अफझलखानाच्या स्वारीच्या काळातली आहे आणि ती तुळजापुरात सुरू होते.

वऱ्हाड परत मिळवण्यासाठी सालारजंगाने १८७० च्या दशकात जंग जंग पछाडले, हाती काही लागले नाही. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अलीखानाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम मक्त्याने घेतले. कंटिंजंट बरखास्त होऊन तिच्या सहा पायदळ पलटणी १९०३ मध्ये हिंदी सैन्यात गेल्या. त्यांना ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. पहिल्या दोन ‘रसेल्स इन्फन्ट्री’, ९६ वी ‘बेरार’, ९७ वी ‘डेक्कन’. पैसा पुरवणाऱ्या प्रांतांपैकी वऱ्हाडाचे नाव एका पलटणीच्या खांद्यावर बसले. धाराशिवचे कुठेच आले नाही.

पहिल्या महायुद्धात ९८ वी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदरावर उतरली. जर्मन मशीनगनच्या गोळ्यांबरोबर रानातल्या मधमाश्यांचे थवेही अंगावर आले आणि इंग्रजांची ती चढाई पार फसली. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट म्हणून एकत्र आल्या. भरती आता मुख्यतः कुमाऊँनी, अहीर, जाट आणि राजपूत. दुसऱ्या महायुद्धात हिची चौथी पलटण मलायात लढली आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर कैद झाली. आठवी पलटण के. एस. थिमय्यांच्या हुकमतीखाली अराकानात लढली. नाव एका संस्थानाचे आणि माणसे हिमालयाच्या पायथ्याची, हा विसंवाद २७ ऑक्टोबर १९४५ रोजी संपला आणि रेजिमेंट ‘कुमाऊँ’ झाली.

जुन्या एलिचपुरी पलटणीचा वारसा सांगणारी चौथी कुमाऊँ २ वर्षांतच काश्मिरात होती. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला मेजर सोमनाथ शर्मा, हाताला प्लास्टर असताना, आपल्या कंपनीसह घुसखोरांना अडवत पडले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. रसेलची मूळची पहिली पलटण पुढे छत्रीधारी होऊन तिसरी पॅरा बनली. सत्यवंत श्रीनागेश, थिमय्या आणि तपीश्वर रैना हे तीन लष्करप्रमुख या रेजिमेंटने दिले. पैकी श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा.

नळदुर्गने लष्कर पुन्हा पाहिले ते १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे. सोलापूरकडून निघालेल्या मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या सैन्याने हैदराबाद कारवाईची सुरुवात याच रस्त्याने केली. समोर निजामाची स्वतःची हैदराबाद इन्फन्ट्री होती. कंटिंजंटशी तिचे नाव जुळते, पण फौज वेगळी. दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग त्या चकमकीत कामी आले, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले गेले. पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. जिल्हा आधी हैदराबाद राज्यात, मग १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २०२३ मध्ये त्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले.

कुमाऊँ रेजिमेंटचे केंद्र आता उत्तराखंडात रानीखेतला आहे, ते १९४८ मध्ये आग्र्याहून तिथे गेले. तिच्या चिन्हावर क्रूस धरलेला अर्धसिंह दिसतो. तो रसेल घराण्याच्या कुलचिन्हातून आलेला आहे.